शेवटच्या कुरवाची घोषणा

'भाट्याच्या खाडीवर आता एकही कुरव नाही. घोषणा कोण करणार?' परवा सकाळी डॉक्टरांनी आमच्या ग्रुपवर लिहिलं. त्याखाली कुणीतरी माझं नाव टाकलं आणि त्याखाली सगळ्यांनी भराभर अंगठे दाखवले. मी चहा गाळत होते. अर्धा चहा कपात गेला, अर्धा ओट्यावर.

आमचा ग्रुप रत्नागिरीतल्या पक्षी बघणाऱ्यांचा. फार मोठा नाही आणि आम्ही स्वतःला समजतो तितका शहाणाही नाही. ग्रुप काढला तो दातांच्या एका डॉक्टरांनी. त्यात काही बागायतदार आहेत, काही नोकरदार आहेत, आणि बँकेत दिवसभर नोटा मोजून कावलेली मी आहे. थंडी सरायला लागली की आमच्या मेसेजना ऊत येतो, कारण उत्तरेकडून आलेले पाहुणे परतीच्या तयारीला लागतात. लोक ज्याला सीगल म्हणतात तो कुरव त्यातला आमचा लाडका. माघ उतरणीला लागला की त्याचं पांढरं डोकं तपकिरी व्हायला लागतं. प्रवासाला निघण्यापूर्वी टोपी चढवावी तसं. मग एका सकाळी खाडीच्या मुखाशी नुसती वाळू दिसते.

शेवटचा कुरव कधी दिसला हे त्या दिवशी कुणालाच कळत नाही. आठवडाभर कुणाच्याच नजरेला पडला नाही म्हणजे मागे वळून कळतं, की अरे, तोच शेवटचा होता. मग हंगाम संपल्याची घोषणा होते. हा मान नागवेकरकाकांचा. दुसऱ्या कुणी घोषणा केली असती तर आम्ही ती मानलीच नसती.

काका एसटीतले. स्टँडवरच्या जाळीच्या खिडकीमागे बसून माइकवरून गाड्या सांगणारा जो माणूस असतो, तो म्हणजे काका. वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले, पण आवाज काही निवृत्त झाला नाही. ग्रुपवर ते कधी लिहायचे नाहीत, बोलून पाठवायचे. "प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे. काळबादेवीच्या किनाऱ्यावर चिखल्यांचा थवा लागलेला आहे. थवा ओहोटीपर्यंत थांबेल." मागे खरखर यायची, ती मोबाइलची की त्यांच्या घशाची हे आम्हाला कधी समजलं नाही. एकदा बँकेत माझा मोबाइल चुकून मोठ्या आवाजात वाजला आणि पैसे काढायला आलेले एक आजोबा पिशवी उचलून धावत दारापर्यंत गेले होते.

घरात आणि आमच्याशी बोलताना मात्र ते अस्सल मांडवीचे. "काय गो बाय, सुट्टी काय आज?" म्हणून सुरुवात. बारीक अंगकाठी, पांढरा हाफ शर्ट, आणि बारा महिने हातात काळी छत्री. थंडीत छत्री कशाला असं विचारलं की म्हणायचे, "टेकायला." डावा गुडघा कामातून गेलेला. त्यामुळे उभे राहताना तो पाय किंचित उचलून धरायचे आणि सगळा भार छत्रीवर टाकायचे. मी त्यांना चिडवायची, "काका, तुम्हीपण कुरवासारखे एका पायावर!" ते मान हलवून म्हणायचे, "दोन पाय कुणाला लागतात? ज्याला पळायचा असतो त्याला."

बघितल्याशिवाय सांगायचं नाही, हा त्यांचा नियम. एकदा एका मच्छीमाराने डॉक्टरांना फोन केला, की आऱ्याच्या बाजूला पाण्यात गुलाबी पक्षी उभे आहेत. डॉक्टर क्लिनिक सोडून जाऊ शकत नव्हते, पण रोहित पक्षी आल्याच्या आनंदात त्यांनी काकांना घोषणा करायला सांगितली. काका म्हणाले, "मी ऐकीव गाडी लावत नाय." डॉक्टर दुखावले, दोन दिवस ग्रुपवर गप्प बसले. तिसऱ्या दिवशी मंडळी बघायला गेली तर जाळ्याला बांधलेले थर्माकोलचे लाल रंगवलेले तरंगे, उन्हाने विटून गुलाबी पडलेले. काका हसले नाहीत. उलट वाटेत डॉक्टरांना शहाळं पाजलं.

दुसरा नियम त्याहून कडक. एकट्याने पाहिलेला पक्षी हंगामाच्या यादीत धरायचा नाही. दुसऱ्या कुणीतरी दुजोरा द्यायला हवा. दुजोरा नसेल तर काका म्हणायचे, "एकट्याची नोंद." हे शब्द ते टाकून बोलल्यासारखे उच्चारायचे नाहीत. कुणाच्या दुखण्याबद्दल बोलावं तसा आवाज खाली यायचा. मला ते विचित्र वाटायचं. इतका साधा नियम, त्यात आवाज उतरायला काय झालं?

त्याचं कारण त्यांनी मला एका दुपारी सांगितलं. आम्ही मिरजोळ्याच्या सड्यावर, तिथल्या उघड्या कातळपठारावर, करवानक शोधत होतो. हा पक्षी मोठा नमुनेदार. पिवळेजर्द मोठे डोळे उघडे ठेवून समोर बसतो, आणि सड्याच्या दगडाशी असा मिसळतो की तुम्ही त्याच्याकडे बघत असता आणि तो तुम्हाला दिसत नसतो. भर दुपारची वेळ. वारा नाही, गवत वाळून पिवळं झालेलं, कातळ तापलेला. अशा वेळी सड्यावर उगाच मागे वळून बघावंसं वाटतं. काका छत्री उघडून एका दगडावर टेकले आणि म्हणाले, "बाय, मी एकदा न बघता घोषणा केली होती."

ते तरुण होते आणि एका लहान गावच्या स्टँडवर होते. गावाचं नाव त्यांनी मला सांगितलं, मी ते इथे लिहीत नाही. सकाळची एक गाडी इतकी वेळेवर यायची की लोक तिच्यावर घड्याळ लावायचे. रोज एकाच मिनिटाला तेच वाक्य बोलून त्यांच्या जिभेला ते पाठ झालेलं. त्या दिवशी फाटकातून एक लाल गाडी वळताना त्यांना डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसली आणि मान वर न करताच ते बोलून गेले, "गाडी लागलेली आहे." लोक फलाटावर धावले. गाडी भलतीच होती. ती वेळेवर येणारी गाडी घाटात दरीत कोसळलेली.

"फलाटावर एक बाई होती. नवऱ्याला न्यायला आलेली," काका म्हणाले. "ती खिडकीशी आली. म्हणाली, लागलीय म्हणालात ना? मग माझा माणूस कुठाय?"

मी दुर्बीण मांडीवर ठेवली.

"पुढची गोष्ट ऐक. ती बाई नंतर रोज त्या वेळेला यायची. गाडी तर बंदच केलेली. रिकाम्या फलाटासमोर उभी राहायची. मग एकदम पदर सारखा करायची, पुढं व्हायची आणि हात लांब करून पिशवी घ्यायची. कुणाच्या हातातनं? कुणी नाय. पण हात खाली यायचा ना गो, वजन आल्यासारखा. मग बोलत बोलत घराकडं जायची. मी खिडकीतनं बघायचो. मला तिची पिशवी दिसायची नाय, माणूस दिसायचा नाय. पण तिला दिसत होता. येडी नव्हती ती. बाजारात हिशेब चोख करायची."

"मग?"

"मग काय. एकटीची नोंद."

तेवढ्यात आमच्या समोरच्या दगडाने डोळे उघडले. करवानक होता. आम्ही बसलो तेव्हापासून तिथेच असणार. मी किंचाळले, तो उडाला, आणि काका म्हणाले, "बघ. होता की नाय?" घरी येऊन मी देवाला दिवा लावला. माझा तसा विश्वास नाही, पण लावला.

आता त्या एका पायाच्या कुरवाबद्दल. हा कुरव आम्हा सगळ्यांच्या ओळखीचा. भाट्याच्या मुखाशी ओहोटीला वाळूचा एक दांडा उघडा पडतो, त्याच्या टोकावर तो थव्यापासून अंतर राखून उभा असायचा. दुसरा पाय जाळ्यात गेला असावा. काही वर्षं तो नेमाने आला, मग दिसेनासा झाला. म्हातारा झाला असेल, गेला असेल, असं म्हणून आम्ही त्याचा विषय सोडून दिला.

गेल्या हंगामात, थंडीच्या सुरुवातीला काका न्हाणीघरात पडले. हाड मोडलं नाही, पण त्यांची मुलगी मनीषा पनवेलला असते, ती घाबरली. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती, घरात काका एकटेच. तिने धोशा लावला की बाबा, आता माझ्याकडे चला. काका नाही म्हणायचे नाहीत, नुसते पुढे ढकलायचे. शेवटी तिने शब्द घेतलाच. "कुरव गेले की येतो," काका म्हणाले. "घोषणा करतो आणि निघतो."

कुरवांची डोकी रंगली. थवे कमी होत गेले. शिमगा जवळ आला तशी खाडी रिकामी झाली. आम्ही घोषणेची वाट बघू लागलो. आणि एका सकाळी काकांचा आवाज आला, "प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे. भाट्याच्या दांड्यावर एक कुरव अद्याप उभा आहे. एका पायाचा. डोकं रंगलेलं नाही."

डॉक्टर दुसऱ्या दिवशी दुर्बीण घेऊन गेले. त्यांना काही दिसलं नाही. त्याच सकाळी काकांना दिसला होता. मग आणखी कुणी गेलं, पुन्हा तेच. काका रोज सांगायचे, अद्याप उभा आहे. ग्रुपवर कुणी उघड बोललं नाही, पण आपापसात कुजबुज सुरू झाली. म्हाताऱ्याला जायचं नाही, म्हणून पक्षी धरून ठेवलाय. मला या बोलण्याचा संताप आला. जो माणूस जन्मभर ऐकीव गाडी लावत नाही तो स्वतःसाठी खोटा पक्षी लावेल?

मनीषाचा मला फोन आला. "ताई, तुम्ही तरी सांगा, तो पक्षी खरंच आहे का?"

"मी पाहिलेला नाही," मी म्हटलं.

"बाबा टाळत असते तर मला चाललं असतं हो. रागावून घेऊन आले असते. पण ते खोटं बोलत नाहीत. मला त्याचीच भीती वाटते."

रविवारी सकाळी मी काकांबरोबर गेले. धुकं होतं. सुरूच्या बनातून आम्ही किनाऱ्यावर उतरलो तेव्हा पूल दिसत नव्हता, नुसता त्यावरून जाणाऱ्या गाड्यांचा आवाज येत होता. ओहोटी लागलेली. काकांनी छत्रीचं टोक उचललं. "तो बघ."

मी बघितलं. दुर्बीण लावून बघितलं, काढून बघितलं. ओली वाळू, पाण्याची कड आणि धुकं. "दिसला?" त्यांनी विचारलं. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून माझ्या ओठांवर हो आलं होतं. एक हो म्हटलं असतं की दुजोरा झाला असता, त्यांची अब्रू राहिली असती, आणखी काही दिवस आपल्या गावात राहायला मिळालं असतं. ते ओळखल्यासारखं काका म्हणाले, "बाय, दिसला नसेल तर दिसला म्हणू नको हां."

"नाही दिसला, काका."

"बरा." एवढंच म्हणाले. मला रडू आलं.

आम्ही दांड्याच्या टोकापर्यंत चालत गेलो. तिथे ओल्या वाळूत पावलांचे ठसे होते. पडदा असलेल्या बोटांचे, ताजे, पाणी अजून न भरलेले. एकामागोमाग एक, सरळ रेघेत. सगळे उजव्या पायाचे. डाव्या पायाचा एकही नाही. मी वाकून बघत राहिले आणि मला कुणीतरी आपल्याकडे अगदी जवळून बघतंय असं वाटलं. मी सरळ झाले नाही. तशीच वाकून थांबले, मिनिटभर तरी.

"काका, हे ठसे! मी ग्रुपवर सांगते."

"ठशांचा काय करायचा? चाकांच्या खुणा बघून गाडी लागली म्हणायची काय?" ते म्हणाले आणि परत फिरले. जाताना त्यांनी मागे बघून मान हलवली. ओळखीच्या ड्रायव्हरला करतात तशी.

त्यानंतरच्या आठवड्यात मनीषा दोन दिवसांची रजा काढून गाडी घेऊन आली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बँकेत जायला स्टँडवर पोचले, तर ग्रुपवर काकांचा आवाज येऊन पडलेला. मी मोबाइल कानाला लावला. "प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे. भाट्याच्या खाडीवरून या हंगामातील शेवटचा कुरव सुटलेला आहे. धन्यवाद." खाली सगळ्यांचे जोडलेले हात. डॉक्टरांनी लिहिलं होतं, 'काका, सुखरूप जा.' मला वाईट वाटलं आणि सुटल्यासारखंही वाटलं.

माझी शाखा पावस गावाच्या वाटेवर आहे, त्यामुळे रोज भाट्याच्या पुलावरून जाणं होतं. मी खिडकीशी होते. बस पुलावर चढली आणि मी सवयीने मुखाकडे बघितलं. तिथे काका उभे होते. पांढरा शर्ट, छत्रीवर भार, डावा पाय किंचित उचललेला. त्यांच्यापासून हातभर अंतरावर एक कुरव. एका पायावर. डोकं पांढरंशुभ्र. धुकं नव्हतं, ऊन पडलेलं होतं. मला दोघे इतके स्पष्ट दिसले की मी "काका!" म्हणून हाक मारली. शेजारच्या बाईने मोबाइलमधून डोकं वर काढलं तोवर बस सुरूच्या बनाआड गेली होती.

निघण्यापूर्वी निरोप घ्यायला आलेत, मला वाटलं. मी आनंदाने फोन लावला. मागे हॉर्न आणि गाड्यांची घरघर ऐकू आली.

"काका, बघितला मी! एका पायाचा कुरव! आत्ता पुलावरनं."

पलीकडे गाडीची काच वर केल्याचा आवाज आला.

"आम्ही संगमेश्वराच्या पुढं आलो, बाय," काका म्हणाले. "उजाडायच्या आधीच निघालो."

मी समोरच्या सीटचा दांडा धरला.

"दुसऱ्या कुणी बघितला?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग एकटीची नोंद." त्यांचा आवाज खाली आला. "मनी काल रडली गो. तिची रजा संपत आली होती. म्हणून म्हटला, सुटला. काल तो तिथंच होता. आज बघायला गेलोच नाय. न बघता बोललो. दुसऱ्यांदा."

म्हणजे ग्रुप त्यांच्यावर ज्या खोट्याचा संशय घेत होता ते खोटं त्यांनी बोललंच नव्हतं. बोलले ते उलटं, मुलीसाठी.

"बाय."

"हां काका."

"तो एकटाच होता काय?"

मागे मनीषा काहीतरी विचारत होती, पाणी हवं का वगैरे. मी खोटं बोलू शकले असते. पण तो प्रश्न विचारणारा माणूस काका होता.

"नाही," मी म्हटलं. "एकटा नव्हता."

"हां," काका म्हणाले. जणू त्यांना हवी ती गाडी लागली. "मग बरा झाला. सोबत हाय त्याला."

संध्याकाळी मी डॉक्टरांना सहज विचारावं तसं विचारलं, की आज सकाळी त्या सुमाराला पाणी कसं होतं. ते म्हणाले, भरती होती, दांडा पूर्ण बुडालेला असणार. मी पुढे काही विचारलं नाही आणि ग्रुपवरही काही लिहिलं नाही. पावसाळ्यात पनवेलहून काका गेल्याचा निरोप आला. शांतपणे, झोपेत गेले. मी त्यांना भेटायला जाणार होते, ते राहूनच गेलं.

आता घोषणा कोण करणार, असा प्रश्न आहे. अंगठे वाढतच चाललेत. डॉक्टरांनी पुन्हा आठवण केली, खाडी रिकामी होऊन आठवडा होत आला. मी रोज सकाळी पुलावरून बघते. मला कुरव दिसत नाही, काका दिसत नाहीत. नुसतं पाणी दिसतं. तरी मी लिहिलं, 'अजून नाही.' कुणीतरी लगेच विचारलं, 'का? कोण राहिलंय?'

त्याला मी काय सांगू? त्या सकाळी काका माझ्याकडे पाठ करून उभे होते. माझी हाक त्यांना ऐकू जाणं शक्य नव्हतं, इतक्या लांबून, तीही बसच्या खिडकीतून. पण मी हाक मारली आणि कुरवाने मान वळवून माझ्याकडे बघितलं. काकांनी त्याला थांबवावं तसा मोकळा हात हळूच आडवा धरला, आणि तो पुन्हा समुद्राकडे बघू लागला.